पिवळा पट्टा

श्रावणी सोमवार होता. सकाळी उपवासाची रताळी चिरली, त्यातल्या पाण्याबाहेर राहिलेल्या फोडी काळवंडल्या. हे काम कॅटेकोल ऑक्सिडेज या एन्झाइमचं. हवेतला ऑक्सिजन वापरून ते कॅटेकोल नावाच्या पदार्थाचं रंगीत क्विनोन करतं. त्याच्या पोटात तांब्याचे दोन अणू शेजारी-शेजारी बसलेले असतात. त्याची रचना १९९८ साली उलगडली, तीही रताळ्यातल्याच एन्झाइमवरून.

मी ठाण्यातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. माझी एमएस्सीची विद्यार्थिनी याच एन्झाइमची छोटी नक्कल करत होती. सॅलिसिलाल्डिहाइड आणि डायअमिनोप्रोपॅनॉलचा पिवळाधमक शिफ बेस (तांब्याला धरून ठेवणारा रेणू), त्यात कॉपर ॲसिटेट, आणि हाती आलेली हिरवी पूड. एका रेणूत तांब्याचे दोन अणू. मिथेनॉलमध्ये शंभरपट डाय-टर्ट-ब्युटिल कॅटेकोल (कॅटेकोलचाच एक प्रकार) घालून ठेवलं की पिवळं क्विनोन तयार होतं आणि ४०० नॅनोमीटरला प्रकाशाचं शोषण वाढत जातं. नुसत्या शिफ बेसने काहीच होत नव्हतं. नुसत्या कॉपर ॲसिटेटने होत होतं, पण रखडत.

दुपारी ती रडवेली होऊन आली. "मॅडम, नायट्रोजनमध्येसुद्धा पिवळं होतंय. म्हणजे ऑक्सिजनचा संबंधच नाही का?"

माझ्याही पोटात गोळा आला. ऑक्सिजन लागत नसेल तर नक्कल कसली? मग क्युव्हेट, म्हणजे मोजणीची छोटी पारदर्शक नळी, बघितलं. नायट्रोजनचा फुगा फक्त वर लावलेला. अगं, मिथेनॉलमध्ये आधीच विरघळलेला ऑक्सिजन कुठे जाईल? पाण्यापेक्षा तो तिथे कितीतरी जास्त असतो. संयुगाच्या आणि कॅटेकोलच्या, दोन्ही द्रावणांतून सुईने अर्धा-अर्धा तास नायट्रोजन सोडला आणि मग ती बंद क्युव्हेटमध्ये मिसळली.

त्या अर्ध्या तासात मी कागदावर हिशेब मांडला. संयुग ०.०००१ मोलार. तांब्याचा प्रत्येक अणू एक इलेक्ट्रॉन घेणार, एका कॅटेकोलला दोन द्यावे लागतात, म्हणजे रेणूमागे एकच क्विनोन. क्विनोनचा शोषण गुणांक (एक मोलार द्रावण किती प्रकाश शोषेल तो आकडा) साधारण १९००. दोन्ही आकड्यांचा गुणाकार ०.१९; संयुगाचा मूळ रंग वजा केला तर शोषणातली वाढ तिथेच अडायला हवी.

०.२ च्या जवळ अडली! पुढची वीस मिनिटं आकडा जागचा हलला नाही. तांब्याने घेता येतील तेवढे इलेक्ट्रॉन घेऊन टाकले होते. आता ते काढून घेऊन त्याला पूर्ववत करायला ऑक्सिजन लागणार होता.

"झाकण काढ," मी म्हटलं, "आणि हलवू नकोस."

आम्ही दोघी खिडकीपाशी क्युव्हेट धरून उभ्या राहिलो. बाहेर पाऊस कोसळत होता. आधी पृष्ठभागाशी केसाएवढी पिवळी रेघ उमटली. मग ती जाड झाली आणि खालच्या फिकट द्रावणात हळूहळू उतरू लागली. इतकी वर्षं या अभिक्रियेचा आलेख मी फळ्यावर काढत आलेय, पण ऑक्सिजन वरून पायऱ्या उतरत येताना कधी पाहिला नव्हता.

तिने वहीत वेळ लिहिली: ५.४२, झाकण उघडलं. पट्टा तळाला टेकेपर्यंत ती खुर्चीवर बसली नाही.