चूक हाताला कळते कशी?

"कोच शेजारी नसतो तेव्हा तुमचं तुम्हाला कसं कळतं, स्विंगमध्ये काय चुकलं ते?" गोल्फच्या रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, नव्याने येणारी मंडळी मला हे हमखास विचारतात. (स्विंग म्हणजे बॉल मारायला क्लब, म्हणजे गोल्फची काठी, फिरवणं.) बॉलची बादली रिकामी होत आलेली असते, निम्म्याहून जास्त बॉल उजवीकडे वळून गेलेले असतात आणि पुढचा धडा थेट रविवारी असतो. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

अंगाला जे जाणवतं त्यावर सुरुवातीला विसंबू नका. मी दोन वर्षं विसंबले. मी उजव्या हाताने खेळते. माझा बॉल डावीकडे निघायचा आणि वाटेत उजवीकडे वळायचा. क्लब आतून, म्हणजे माझ्या अंगाच्या बाजूने, येतोय याची मला पक्की खात्री होती. मग एका मैत्रिणीने पाठीमागे उभं राहून मोबाइलवर शूट केलं. उजवा खांदा आधी पुढे झेपावत होता आणि क्लब बाहेरून आत, बॉलला कापत येत होता. ती बाई मीच आहे हे पटायला वेळ लागला.

याला कारण आहे. वरून खाली यायला क्लबला साधारण पाव सेकंद लागतो आणि बॉल फेसला, म्हणजे क्लबच्या बॉलला लागणाऱ्या सपाट बाजूला, टेकून असतो जेमतेम अर्धा मिलिसेकंद. धक्का हाताला जाणवेपर्यंत बॉल सुटलेला असतो. तेव्हा मधेच सावरायचं हे होणं नाही. मी आधी बॉलला, जमिनीला आणि फेसला विचारते, हाताला सगळ्यात शेवटी.

बॉलकडे बघताना दोन गोष्टी वेगवेगळ्या बघायच्या: निघाला कुठे आणि वळला कुठे. क्लबच्या वाटेने बॉल निघतो, असं बरीच वर्षं शिकवलं जायचं. रडारवर चालणारी यंत्रं आली आणि उलटं निघालं. निघण्याची दिशा बहुतांशी फेस ठरवतो, ड्रायव्हरला (सगळ्यात लांब मारायचा क्लब) सुमारे 85 टक्के, आयर्नला (धातूच्या पातळ डोक्याचा क्लब) 75च्या आसपास. वळण येतं ते फेस आणि क्लबची वाट यांच्यातल्या फरकातून. माझा बॉल डावीकडे निघत होता म्हणजे फेस आधीच डावीकडे होता, आणि तरी उजवीकडे वळत होता म्हणजे क्लब त्याहूनही डावीकडे चालला होता. हे कळण्याआधी मी प्रत्येक स्लाइसनंतर, म्हणजे अशा उजवीकडे वळणाऱ्या फटक्यानंतर, फेस आणखी बंद, म्हणजे डावीकडे, करत होते. दोन वर्षं चुकीचा स्क्रू पिळत होते.

मात्र हा हिशोब बॉल फेसच्या मधोमध लागला तरच खरा. ड्रायव्हरच्या हीलवर, म्हणजे दांड्याजवळच्या टोकाला, लागलेला बॉल स्विंग बरा असूनही उजवीकडे वळतो. म्हणून माझ्या बॅगेत टाल्कम पावडरचा छोटा डबा असतो. फेस कोरडा पुसायचा, पावडरचा पातळ हात फिरवायचा आणि मारायचं. बॉलवरच्या खळ्यांसकट गोल ठसा उमटतो. ठसा बघण्याआधी मोठ्याने बोलायचं: "हील", "टो" (दांड्यापासून लांबचं टोक) किंवा "मधे". सुरुवातीला माझे दहातले तीन अंदाज बरोबर यायचे. महिन्याभराने सात-आठ यायला लागले. हाताला कळू लागणं म्हणतात ते हेच, आणि ते मला प्रत्यक्ष घडताना दिसलं. मधोमध लागलेल्याचा आवाज भरीव येतो, टोवर लागला की मूठ किंचित उघडल्यासारखी वाटते. डिसेंबरातल्या पुण्याच्या गार सकाळी आयर्नच्या खालच्या कडेवर बॉल लागला, तर बोटं झिणझिणतात. ते कळायला पावडरची गरजच नसते.

जमिनीचं उत्तर मिळवायला रांगोळी घ्या. गवतावर चिमटीने एक आडवी रेघ ओढायची आणि बॉल न ठेवता, रेघेवरच बॉल आहे असं समजून सात नंबरचं आयर्न फिरवायचं. माती रेघेपासून पुढे, लक्ष्याच्या बाजूला उडायला हवी. माझी माती रेघेच्या चार बोटं मागे उडायची. रेंजवर एक जुने कॅडीकाका (कॅडी म्हणजे खेळाडूची बॅग उचलणारा) असत. ते लांबून नुसतं बघायचे आणि म्हणायचे, "मॅडम, हात लवकर सुटले, वजन मागंच राहिलं." पायांकडे बघायचं हे मला त्या एका वाक्याने शिकवलं. आता स्विंग संपला की मी तशीच थांबते, तीन आकडे मोजते आणि उजव्या पायाची टाच वर आली आहे का बघते. टाच जमिनीवर असली, तर माती कुठे उडाली हे न बघताही सांगते.

आता दुरुस्ती. बरोबर हालचाल सुरुवातीला भयंकर चुकीची वाटते, आणि इथेच बहुतेक जण सोडून देतात. बाहेरून आत येणारा क्लब सरळ करायला मला उजवीकडच्या झाडाच्या बुंध्यावर क्लब फेकतेय असं वाटावं लागलं. हा अतिरेक होतोय असं म्हणत मी व्हिडिओ बघितला, तर क्लब जेमतेम सरळ रेषेत आला होता. तुमचं झाड वेगळं असेल. कुणाला ते खांद्यात जाणवतं, कुणाला ढोपरात. दुसऱ्याची जाणीव उसनी घेऊ नका. अर्ध्या स्विंगने, सावकाश, ठसा आणि माती बदलेपर्यंत आपली शोधा.

हे सगळं रेंजवर. कोर्सवर, म्हणजे प्रत्यक्ष खेळाच्या मैदानावर, मी दुरुस्ती करत नाही. चौदाव्या होलवर जुनी स्लाइस परत आली, तर त्या दिवशी तीच माझी, तिला धरून डावीकडे नेम घेते आणि खेळते. घरी आल्यावर वहीत दोन ओळी लिहिते: निघाला कुठे, वळला कुठे. दुसऱ्या दिवशी रेंजवर पहिला बॉल मारायच्या आधी ती वही उघडते आणि पावडरचा डबा काढते.