तुम्ही विचारलंत म्हणून: सिंड्रेलाचं ब्लूज खरं की सोंग?

ब्लूज, म्हणजे अमेरिकी कृष्णवर्णीयांचं दुखरं गाणं, मनापासून ऐकणारी तुम्ही मंडळी मला हमखास विचारता: केस फुगवून ‘नाइट साँग्ज’ हा अल्बम खपवणाऱ्या सिंड्रेला या अमेरिकन रॉक बँडने दोन वर्षांत ब्लूजवाल्यांची, तारांवर नळी सरकवून वाजवायची स्लाइड गिटार हाती घेतली, हे सोंग नाही तर काय?

नाही, सोंग नाही. त्यांच्या गायकाचा, टॉम कीफरचा, खरवडून निघणारा आवाज 1986 मध्येही तोच होता. आपण मेकअप बघत बसलो. 1988 मध्ये ‘लाँग कोल्ड विंटर’ आला तेव्हा ग्लॅम मेटलची, म्हणजे मेकअप आणि झगमगाटाच्या रॉकची, चलती होती. धंदाच करायचा तर वळायची गरजच नव्हती. 1990चा ‘हार्टब्रेक स्टेशन’ त्याच वाटेने आणखी पुढे गेला आणि आधीच्या दोन्हींपेक्षा कमी खपला.

हे आज ठासून सांगतेय. 1991 मध्ये मी तुमच्याच बाजूला होते.

दादाने दुबईहून आलेल्या मित्राकडून ‘हार्टब्रेक स्टेशन’ मिळवली होती. त्याची ती एकुलती एक ओरिजिनल कॅसेट. बाकी सगळ्या भरून आणलेल्या. मी दोनदा ऐकली आणि म्हणाले, “म्हातारे झाले हे.” एका दुपारी, पुन्हा भरता यावी म्हणून, कॅसेटच्या वरच्या खाचांवर चिकटपट्टी लावली आणि ए बाजूवर मैत्रिणीकडची दुसऱ्याच बँडची गाणी भरली. रात्री दिवा घालवून दादाने टेप लावला. भलतंच गाणं सुरू झालं. त्याने ते शेवटपर्यंत ऐकलं. मग उठून चिकटपट्टी नखाने सोलून काढली, कॅसेट डबीत ठेवली. एक शब्द बोलला नाही. त्यानंतर “हे ऐक गं” असं तो मला कधीच म्हणाला नाही.

घरात कोरी कॅसेट नव्हती, असं मी वर्षानुवर्षं सांगत आले. खोटं आहे ते. नाक्यावर मिळत होती. मला तो बँड पुसायचाच होता. शीर्षकगीताची व्हायोलिनं लेड झेपलिन या रॉक बँडच्या जॉन पॉल जोन्सने बांधली होती, हे फार उशिरा कळलं. तेही पुसलेल्याच बाजूला होतं.

“ब्लूजमुळे बुडाले” म्हणणाऱ्यांवर मी अजून चिडते. कीफरच्या स्वरतंतूला लकवा मारला, पुढचा अल्बम यायला 1994 उजाडलं, हे कोणी धरतच नाही. पण तिसऱ्या अल्बममध्ये काही जागा रोलिंग स्टोन्स या जुन्या ब्रिटिश बँडच्या फार जवळ जातात, तिथे मीही अडखळते. माझं प्रेम किती आणि अपराधीपणा किती, तेही मला वेगळं काढता येत नाही.

अल्बम आता फोनवर सहज मिळतो. दादाला अजून ऐकवलेला नाही.