चोवीस ते तीस दूध नको

आमच्या घरात ट्रिप नक्की कधी ठरते माहितीये? तिकिटं बघितल्यावर नाही, माळ्यावरच्या बॅगा खाली काढल्यावर पण नाही, दूधवाल्याला सांगितल्यावर. दारात उभं राहून "चोवीस ते तीस दूध नको" म्हटलं की झालं, समोरच्या काकूंना कळतं, कामाच्या मावशींना कळतं, पेपरवाला आपणहून विचारतो बंद करू का. मग मी कालनिर्णयवर त्या सात चौकटींत पेन्सिलीने बारीक "खा" लिहिते, खा म्हणजे खाडा. महिनाअखेरीला हिशेब करताना बरं पडतं. आणि पेन्सिलीने, कारण खोडता येतं.

गेल्या दोन वर्षांत मी हे वाक्य चार वेळा बोललेय, चार वेगवेगळ्या तारखा लावून, आणि दूध एकदाही चुकलेलं नाही.

सुरुवात हाँगकाँगच्या डिस्नीलँडपासून झाली. हाँगकाँग का, तर नवऱ्याच्या ऑफिसमधला एकजण जाऊन आला आणि म्हणाला आपल्याला तिथे व्हिसा लागत नाही, घरबसल्या ऑनलाइन नोंदणी करायची, चौदा दिवस राहता येतं. व्हिसा नाही म्हटल्यावर नवऱ्याला ते एकदम बोरिवली-विरार इतकं जवळ वाटायला लागलं. रात्री जेवणं झाली की आम्ही तिघं मोबाइलवर राइड्सचे व्हिडिओ बघायचो, म्हणजे तिसरा, जो तेव्हा साडेचार वर्षांचा होता, तो बघायचा आणि आम्ही त्याच्या डोक्यावरून दुसऱ्या मोबाइलवर विमानाचे रेट. त्याला त्यातली ती अंधारात चांदण्यांमधून सुसाट जाणारी रोलर कोस्टर आवडली. बाकी काही नको, तीच. मग कळलं की तिला कमीत कमी १०२ सेंटिमीटर उंची लागते. बेडरूमच्या दाराच्या चौकटीवर आम्ही त्याची उंची पेनाने मार्क करतो, तिथे टेप लावली तर ९८.

आता चार सेंटिमीटर म्हणजे काय, बोटाची दोन पेरं. पण आणायची कुठून? सासूबाई म्हणाल्या रोज ग्रिलला लोंबकळू दे त्याला, वाढतात मुलं. दोन दिवस लोंबकळला, तिसऱ्या दिवशी ग्रिलवरची माझी मनीप्लांटची कुंडी पाडली. मग मे रद्द, दिवाळीत जाऊ, तोवर वाढेल. सगळ्या बदलांमधला हा एकच बदल मला मनापासून पटलेला.

दिवाळीपर्यंत तो वाढला, बरोब्बर १०२ झाला. विमानाचं तिकीट त्याच्यापेक्षा जोरात वाढलं. तरी एकदाच जायचंय म्हणून आम्ही मन घट्ट केलं आणि कपाटातून पासपोर्ट काढले. लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षं चालतो हे आम्ही साफ विसरलो होतो. याचा तीन महिन्यांचा असताना काढलेला, कारण तेव्हा दीर दुबईला होते आणि "या की" म्हणालेले (तेही गेलो नाहीच). फोटोत नुसता एक गोल लाडू, डोळे अर्धे मिटलेले, आणि मुदत संपायला जेमतेम चार महिने. बाहेर जाताना सहा महिने तरी शिल्लक असावेत असं सगळेच सांगत होते. म्हणजे दिवाळीही गेली. सकाळी दूधवाल्याला सांगितलं, अरे चालू ठेव. तो "बरं" म्हणाला, पण ज्या पद्धतीने म्हणाला ना.

पुढचा मे धरला. नवीन पासपोर्ट आला, कालनिर्णयवर खाडे पडले, आणि नणंदेच्या मुलाची मुंज निघाली, पुण्यात. गुरुजींनी दोन मुहूर्त काढून दिले, त्यातल्या एकाच तारखेला कार्यालय मिळत होतं, आणि ती तारीख कुठे असावी तर माझ्या सात चौकटींच्या मधोमध. मी जाम वैतागले, म्हटलं जगात डिस्नीलँडची गाठ मुहूर्ताशी पडायची ती आमच्याच घरात. आणि चिडचिड करत मोबाइलवर तिथली काहीबाही माहिती वाचत बसले तर काय, त्यांचीही पडलेली! हाँगकाँगचं डिस्नीलँड बांधताना त्यांनी चक्क फेंगशुईवाल्याचा सल्ला घेतलेला. त्याच्या सांगण्यावरून मेन गेटची दिशा १२ अंशांनी फिरवली, स्टेशनवरून गेटकडे येणाऱ्या रस्त्याला मुद्दाम एक वळण दिलं, का तर चांगली ऊर्जा सरळ वाहत समुद्रात जाऊ नये. हॉटेलातला मोठा हॉल ८८८ चौरस मीटरचा, कारण त्यांच्याकडे आठ हा भरभराटीचा आकडा. उद्घाटनसुद्धा शुभ दिवस बघून, १२ सप्टेंबर २००५.

हे मी सासूबाईंना वाचून दाखवलं, ही माझी चूक. त्यांनी बोटांवर कायतरी मोजलं आणि म्हणाल्या, "दोन हजार पाच? त्या वर्षी गणपती सात सप्टेंबरला बसले होते. म्हणजे गणपतीतच उघडलं की. शहाणी माणसं आहेत." (सासूबाईंना गणपती कुठल्या वर्षी कधी बसले ते पाठ असतं, माझा वाढदिवस नसतो.) म्हणून मी जरा उलट बाजू मांडायला गेले, की अमेरिकेतलं पहिलं डिस्नीलँड काही मुहूर्त बघून उघडलं नव्हतं, १७ जुलै १९५५. आणि मग मलाच पुढचं वाचावं लागलं, कारण त्या दिवशी तिथे भयंकर गोंधळ झाला होता. खोट्या तिकिटांवर माणसं शिरली, बोलावल्याहून कितीतरी जास्त गर्दी, प्लंबरांचा संप म्हणून पिण्याच्या पाण्याचे बरेच नळ कोरडे, आणि डांबर इतकं ताजं की उन्हात बायकांच्या उंच टाचा त्यात रुतत होत्या.

"सतरा जुलै म्हणजे आषाढ," सासूबाई म्हणाल्या. "आषाढात कोण उद्घाटन करतं गं?"

मुंजीची तारीख पक्की झाली.

मुंजीत जेवणाच्या पंगतीत विषय निघाला आणि सासरे म्हणाले, मग आम्ही पण येतो, असं कितीदा होणार आहे. बरोबर होतं त्यांचं. पण ते येणार म्हटल्यावर ठिकाण बदललं, कारण त्यांना दोन वेळा भात लागतो आणि हाँगकाँगला खायचे हाल होतील असं त्यांना त्यांच्या वॉकवाल्या ग्रुपने सांगितलेलं. सिंगापूर ठरलं. तिथे लिटल इंडिया आहे, केळीच्या पानावर जेवण मिळतं, आणि सेंटोसा बेटावर युनिव्हर्सल स्टुडिओज आहे, २०१० पासून. मी खूश, नवरा खूश, सासरे तर इतके खूश की त्यांनी नवीन स्पोर्ट्स शूज आणले. फक्त आमचे चिरंजीव गप्प. रात्री बघते तर टेप घेऊन दाराच्या चौकटीपाशी. त्याने बापाच्या मोबाइलवर शोधून काढलं होतं की सिंगापूरच्या त्या दोन जोडीच्या मोठ्या रोलर कोस्टरना १२५ सेंटिमीटर लागतात. हा १०६.

"मी मोठा झालो की तुम्ही पट्टी पण वर नेता," तो म्हणाला. मला काही बोलता आलं नाही. काय बोलणार, हिशेब बरोबर होता.

सिंगापूरचं पुढे फार सांगण्यासारखं नाही. सासऱ्यांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचा निघाला, महिनाभर थेंब, धूळ नको, धक्के नकोत. स्पोर्ट्स शूज खोक्यातच आहेत.

एक मात्र लक्षात आलं की आमच्याकडे प्लॅन रद्द होत नाही. रद्द केला तर माणूस निदान रडून मोकळा होईल. आमच्याकडे त्याचं "बघू" होतं. बघूमधे गेलेली गोष्ट मरत पण नाही आणि येत पण नाही, फ्रीजमधल्या त्या वाटीसारखी, जिच्यात काय आहे ते कुणाला आठवत नाही पण टाकवत पण नाही. माझ्या बाबांकडे बघू नव्हतं. आम्ही गोराईच्या खाडीच्या अलीकडे राहायचो, पलीकडे १९८९ पासून एस्सेलवर्ल्ड. एका शनिवारी रात्री बाबा म्हणाले उद्या जाऊ, आणि उद्या गेलो, लाँचने, डब्यात पोळी-बटाट्याची भाजी. उंचीबिंची कोणी मोजली असेल तर मला आठवत नाही. आता ते बंदच आहे.

मधे पावसाळ्यात इमॅजिका पण होऊन गेलं, म्हणजे आमच्या प्लॅनमधून. खोपोलीच्या बाजूला, सकाळी जाऊन रात्री घरी. तिथे राजासॉरसची राइड आहे, हा डायनोसॉर खरंच आपल्या नर्मदेकाठचा, २००३ ला त्याचं नाव ठेवलं, हे सगळं मुलाने मला ऐकवलं. पण एका दिवसासाठी दूध बंद कोण करतं? त्यामुळे कोणाला सांगितलंच नाही, आणि ज्या शनिवारी निघायचं त्या दिवशी रायगडला रेड अलर्ट. सात वाजता दूध आलं, चहा केला, भजी केली, झालं.

आता परत हाँगकाँग धरलंय. उंची ११३, पासपोर्ट चालू, डोळा उत्तम, मुंजीला आलेली कुठली मुलं उरलेली नाहीत. परवा सकाळी बेल वाजली तेव्हा मी तारखा मनात घोकतच दार उघडलं. तर मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "ताई, अठरा ते चोवीस दूध येणार नाय. गावाला चाललोय, जत्रा हाय." तो पाटणकडचा. मी सवयीने विचारलं, कधी ठरलं? त्याला प्रश्नच कळला नाही. "ठरायचं काय त्यात? जत्रा असती ना." पालखी, कुस्त्या, एक रात्र तमाशा, आणि यंदा म्हणे मोठा आकाशपाळणा येणार आहे.

मागून आमचे चिरंजीव, तोंडात ब्रश. "त्याला उंची किती लागते?"

"कशाला?"

"पाळण्याला."

दूधवाल्याने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "आईच्या मांडीवर बसतात की पोरं," म्हणाला, आणि दुसऱ्या पिशव्या घेऊन जिना चढून गेला.

मी आत येऊन कालनिर्णयवर अठरा ते चोवीस सात खाडे लिहिले. पेनाने.