भिजलेला जोड

पुण्यातल्या भीमथडी जत्रेतला रविवार चांगला गेला, तर अख्ख्या जत्रेचा खर्च निघतो. गेल्या डिसेंबरात त्या दिवशी सिंचननगरचं मैदान सकाळीच भरलं होतं. आमच्या स्टॉलवर एक जोडपं कोल्हापुरी चपलांचे दोन जोड हातात घेऊन पैसे द्यायच्या बेतात होतं, तेवढ्यात एक बाई गर्दीतून पुढं आल्या आणि पिशवीतली चप्पल त्यांनी मांडणीवर ठेवली.

"मागच्या वर्षी तुमच्याकडूनच घेतली होती. बघा काय झालंय तिचं!"

जोड आमचाच होता. सासूबाईंची शिवण मी कुठंही ओळखेन. पण तळ पापडासारखा वळला होता आणि एका पायाची चामड्याची वेणी तुटली होती. पावसात भिजल्यावर त्या बाईंनी ती कडक उन्हात वाळवली होती. आमच्या तळाचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं. त्यावर रंगाचा, प्लॅस्टिकचा थर नसतो, म्हणून ते पाणी पितं आणि उन्हात आखडतं. पावसाळ्यात घालू नका, भिजली तर सावलीत वाळवा, तेल लावा, हे आम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. पण त्या मोठ्यानं बोलत होत्या आणि ते ऐकून त्या जोडप्यानं हातातले जोड खाली ठेवले. माझ्या पोटात गोळा आला.

मागं पोत्यावर बसलेल्या सासूबाईंनी जोड मागून घेतला. उलटा केला, तळ वाकवून पाहिला. मग म्हणाल्या, "ताई, जरा जत्रा फिरून या. चार वाजंस्तवर करून देतो." आणि मला, "बादली आण गं."

चामडं शिवायचं तर ते ओलंच लागतं, हे बघणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. भिजून खराब झालेली चप्पल आम्ही पुन्हा पाण्यात बुडवतोय म्हटल्यावर लोक थांबले. मग ती ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली. तासाभरानं तळ मऊ पडला, तसा सासूबाईंनी दगडावर ठेवून हातोडीनं ठोकून सपाट केला. सुटलेल्या कडेची जुनी वादी रापीनं कापून काढली, आरीनं जुन्याच भोकांतून वाट केली आणि नवी वादी ओवायला घेतली. वादी म्हणजे चामड्याचाच दोरा. एक कॉलेजातला मुलगा वाकून बघत होता. "आज्जी, खिळा कुठंय?" सासूबाईंनी मान वर न करता सांगितलं, "न्हाई."

खिळा नाही, म्हणून तर उसवता येते आणि परत शिवता येते. या चपलेची किंमत तिथं आहे. रेक्झिनचा पट्टा आणि डिंकानं चिकटवलेला तळ 'कोल्हापुरी' म्हणून निम्म्याहून कमी पैशात मिळतो. तो सुटला की टाकावाच लागतो. मला त्या मालाचा राग येतो, कारण आमच्या गावाचं नाव त्यावर असतं. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. पण रस्त्यावर विकत घेणाऱ्याला ते दिसत नाही. त्याला कडेची वादी दाखवावी लागते.

वेणी माझ्याकडं आली. आमच्या धंद्यात तळ कापणं, ठोकणं बहुतेक पुरुष करतात. वेण्या, गोंडे, बारीक शिवण घरातल्या बाया करतात. जून २०२५मध्ये प्रादा या इटलीच्या फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये आमच्यासारख्या चपला दाखवल्या, तेव्हापासून येणारा प्रत्येक दुसरा माणूस ती गोष्ट काढतो. त्या दिवशीही काढली. मी पातळ चामड्याच्या पट्ट्या दातात धरून वेणी घालत होते, त्यामुळं बोलता आलं नाही, नुसती वेणी त्यांच्यासमोर धरली. वेणी बाईच घालते, हे तोवर समोरच्या कुणालाही माहीत नव्हतं. कितीतरी बायकांनी हात लावून पाहिली. सकाळचं ते जोडपंही परत आलं आणि दोन्ही जोड घेऊन गेलं.

चार वाजता त्या बाई आल्या. जोड अजून दमट होता. उद्यापर्यंत सावलीत ठेवा आणि मग एरंडेल चोळा, असं सांगितलं. त्यांनी पाय घालून पाहिला आणि सकाळच्या बोलण्याबद्दल काही न बोलता विचारलं, "किती द्यायचे?"

सासूबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे."

मी म्हटलं, "तीनशे द्या." सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं, पण मी हटले नाही. दुपारभर दोन बायांचे हात त्या जोडाला लागले होते. तळ ठोकणाऱ्याला मजुरी देताना कुणी 'राहू दे' म्हणत नाही, मग वेणीची का सोडायची? त्यांनी पैसे दिले, आणि सुनेसाठी एक जोडही निवडला.

रात्री हिशोब करताना सासूबाईंनी ते तीनशे वेगळे मोजले. आता जत्रेचा अर्ज भरताना आम्ही नळाजवळचा स्टॉल मागतो, आणि सामानात दगड, आरी, रापी आधी भरतो. दुरुस्तीचा दर पुठ्ठ्यावर लिहून टांगलाय: तळ वेगळा, वेणी वेगळी.