नुसतं झेलायचंच काम ना?

भारतातून कुणी आलं आणि रविवारी आमच्याकडे टीव्हीवर अमेरिकन फुटबॉल लागलेला असला, की हा प्रश्न ठरलेला. परवा नणंदेच्या यजमानांनी विचारला. "वहिनी, तो कडेला उभा राहतो त्याचं काम नुसतं चेंडू झेलायचंच ना? त्यात एवढं काय बघता?" मला कुकर लावायचा होता, म्हणून उत्तर अर्धवट राहिलं. तर यजमान, तुम्ही विचारलंत म्हणून आता पूर्ण करते.

कडेला उभा राहणारा, पुढे धावत जाऊन फेकलेला चेंडू झेलणारा, तो वाइड रिसीव्हर. आणि माझ्यासाठी रिसीव्हर म्हणजे जेरी राईस. १९८५ ते २००४ असे वीस हंगाम तो खेळला, त्यातले सोळा आमच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या फोर्टीनायनर्स संघाकडून. १,५४९ झेल, आणि त्या झेलांवर चेंडू पुढे नेला २२,८९५ यार्ड. एकूण यार्डांत दुसऱ्या क्रमांकावर असलेला लॅरी फिट्झगेराल्ड त्याच्यापेक्षा पाच हजारांहून अधिक यार्डांनी मागे आहे. पण मला राईस आकड्यांमुळे आवडला नाही. विटांमुळे आवडला.

राईसचे वडील मिसिसिपीत गवंडी होते. उन्हाळ्यात मुलं त्यांच्या हाताखाली काम करायची. जेरी परांचीवर उभा राहायचा आणि भाऊ खालून विटा फेकायचे. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी हातातलं काम ठेवून बसूनच राहिले. माझेही वडील गवंडी. परांचीवरचा माणूस वीट कशी झेलतो ते मी लहानपणी तासन्‌तास बघितलंय. वीट हातावर आपटू द्यायची नाही. ती येते त्याच दिशेला हात किंचित मागे न्यायचे आणि तिचा जोर हातातच जिरवायचा. नाहीतर बोटं फुटतात. राईसचा झेल सावकाश करून दाखवतात तेव्हा नीट बघा, हात अगदी तसेच मागे जातात. चेंडूचा आवाजसुद्धा होत नसेल असं वाटतं.

पण यजमान, झेल हा या कामातला सगळ्यात छोटा भाग. खरं काम त्याच्या आधीचं.

रिसीव्हरला ठरलेल्या वाटेनं धावायचं असतं. तिला रूट म्हणतात. समजा, दहा यार्ड सरळ जाऊन एकदम बाहेर वळायचं आहे. तो वळेल आणि मग क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, चेंडू फेकेल, असं नसतं. वळायच्या आधीच चेंडू सुटलेला असतो, मोकळ्या जागेकडे, तिथे माणूस येईल या भरवशावर. फोर्टीनायनर्सचे प्रशिक्षक बिल वॉल्श यांची सगळी पद्धतच अशा छोट्या, वेळेवर बेतलेल्या फेकींची होती. एक पाऊल जास्त पडलं तर चेंडू विरोधकाच्या हातात. शिवाय अंगाला चिकटून धावणाऱ्या बचावपटूला शेवटच्या क्षणापर्यंत कळता कामा नये की हा आता वळणार. खांदे, नजर, पावलांची लय, काहीच बदलायचं नाही. राईस फार वेगवान नाही असं निवड करणाऱ्यांचं मत होतं. संघ नवे खेळाडू पाळीपाळीनं निवडतात त्यात त्याच्या आधी दोन रिसीव्हर निवडले गेले, तो सोळावा. पण त्याची प्रत्येक वाट सुरुवातीला सारखीच दिसायची, आणि तिथेच समोरचा फसायचा.

पहिल्या वर्षी हातातून चेंडू सुटायचे, घरच्याच मैदानावर लोक हुर्यो करायचे. त्यातून तो सावरला. १९८७ मध्ये संपामुळे बाराच सामने मिळाले, त्यात २२ टचडाऊन झेलले, म्हणजे चेंडू झेलून विरोधकांच्या शेवटच्या रेघेपलीकडे नेला.

मला मात्र एकच प्रसंग सांगायचाय. जानेवारी १९८९, मायामी, सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना. समोरचा सिनसिनाटीचा संघ १६-१३ ने पुढे, जेमतेम तीन मिनिटं उरलेली आणि आपल्याला ९२ यार्ड जायचंय. मधे एकदा चेंडू आपल्याकडेच राहावा म्हणून वीस यार्डांची गरज असताना राईसनं २७ यार्डांचा झेल घेतला. त्या दिवशी त्याचे एकूण ११ झेल आणि २१५ यार्ड झाले. मग शेवटचा डाव. चेंडू सुटायच्या आधी राईस एका बाजूकडून दुसरीकडे सरकला. बचावाचं लक्ष त्याच्या मागे गेलं. आणि आमचा क्वार्टरबॅक जो मॉन्टाना यानं चेंडू दिला दुसऱ्या रिसीव्हरला, जॉन टेलरला. ३४ सेकंद उरले असताना टचडाऊन, सामना जिंकला. राईसकडे चेंडू आलाच नाही. तरी तो सरकला होता जणू चेंडू त्यालाच मिळणार आहे. खोटं धावणाऱ्याच्या मागे कुणी जात नाही.

सरावातही तसंच. पाच यार्डांवर साधा झेल मिळाला तरी तो थेट टचडाऊनच्या रेघेपर्यंत पळत जायचा. हंगाम नसताना रॉजर क्रेगसारख्या साथीदारांना घेऊन सॅन कार्लोसजवळच्या एजवूड पार्कचा डोंगर चढायचा, साधारण चार किलोमीटरची चढण, पळत. आम्ही मार्च-एप्रिलमध्ये तिथे फुलं बघायला जातो. पिवळ्या फुलांनी उतार भरलेला असतो. चालतानासुद्धा माझा श्वास पुरत नाही, आणि दर वेळी मला तो पळताना दिसतो.

१९९७ मध्ये पहिल्याच सामन्यात गुडघ्याचा लिगामेंट तुटला. डिसेंबरात, त्याच हंगामात, तो परत आला, टचडाऊन झेलला, आणि त्याच झेलात गुडघ्याची वाटी फुटली. ती घाई मला पटत नाही, आजही नाही. पण २००२ मध्ये, वयाची चाळिशी गाठली त्या हंगामात, ओकलंडच्या रेडर्स संघाकडून त्यानं ९२ झेल घेतले. बहुतेकांचं करिअर तिशीच्या आत आटोपतं त्या खेळात!

आता पुढच्या वेळी याल तेव्हा टीव्हीवर नको. तिथे कॅमेरा चेंडूच्या मागे जातो आणि रिसीव्हर चौकटीबाहेर राहतो. आपण सँटा क्लाराच्या स्टेडियममध्ये जाऊ, वरच्या मजल्यावर, सगळं मैदान दिसेल असं. चेंडू डावीकडे गेला की तुम्ही उजवीकडच्या रिसीव्हरकडे बघा. तो कुठपर्यंत पळतो ते मला सांगा.