चावी कुणाकडे आहे?

आमचे एक सहकारी ऑफिसात जिन्याजवळ कोसळले तेव्हा मला आधी वाटलं, फिट आली. हातपाय क्षणभर झटकले, मग शांत. खांदे हलवून हाका मारल्या, उत्तर नाही. घशातून घोरल्यासारखा आचका यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा. मागून कुणीतरी म्हणालं, "श्वास चालू आहे, हात लावू नका." हृदय बंद पडल्यावरही असे आचके काही वेळ येतात, तो श्वास नव्हे, हे प्रशिक्षणात ऐकलेलं नेमकं तेव्हा आठवलं. नाडी शोधत बसले नाही. रुग्णवाहिकेला फोन लावला, तो स्पीकरवर जमिनीवर ठेवला आणि छाती दाबायला लागले.

"एईडी आणा!" मी ओरडले. हृदयाला विजेचा झटका देणारं हे यंत्र आमच्या ऑफिसात आहे. पण काचेच्या कपाटात, कुलूपबंद. चावी प्रशासन विभागात, ती सांभाळणारी व्यक्ती रजेवर. एक जण टेबलाचे खण उपसतोय, दुसरा तिला फोन लावतोय, तिसरा विचारतोय, काच फोडायची परवानगी कोण देणार? मी दाबतेय, मोठ्याने आकडे मोजतेय, आणि कानावर एकच प्रश्न येतोय: चावी कुणाकडे आहे? दाब आणि झटका यांपैकी काहीच मिळालं नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला 7 ते 10 टक्क्यांनी घटते. शेवटी एका शिकाऊ मुलाने अग्निशामक नळकांड्याने काच फोडली. रुग्णवाहिकेला फोन 11.42 ला लागला होता. यंत्र हातात आलं 11.49 ला. ती सात मिनिटं मी अजून विसरलेले नाही.

कुलूप कशाला, तर कुणी गैरवापर करील म्हणून. अहो, यंत्र स्वतः हृदयाची लय तपासतं. गरज नसेल तर झटका देतच नाही. पुढे काय करायचं तेही बोलून सांगतं. यंत्राची एक चिकटपट्टी उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली, दुसरी डाव्या काखेखाली बरगडीवर. घाम पुसून कोरड्या त्वचेवर चिकटवा, झटक्याच्या वेळी कुणीही स्पर्श करू नका, आणि झटका बसला की लगेच पुन्हा दाबायला लागा.

दाबण्याबद्दल सांगायचं राहिलं. छातीच्या मधोमध, कोपर ताठ, 5 ते 6 सेंटीमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दर दोन मिनिटांनी माणूस बदला. मी हट्टाने बदलला नाही, आणि शेवटी माझे दाब उथळ पडत होते.

त्या सकाळी ते म्हणाले होते, छातीवर ओझं ठेवल्यासारखं वाटतंय, जबडाही दुखतोय. घामही आला होता. आम्ही ॲसिडिटी म्हणून सोडून दिलं. रुग्णवाहिका खरं तर तेव्हाच बोलवायला हवी होती, ते शुद्धीत असताना.

एका झटक्यानंतर त्यांचा हात हलला. आता ते कामावर परतलेत. मी कुलूप काढण्यासाठी तीनदा लेखी अर्ज दिला. काच नवी बसवली आहे. चावी आता रखवालदाराकडे असते.