तुम्ही विचारलंत म्हणून: जुनी फोल्डिंग सायकल नीट होईल का?

‘बल्कावात (घरापुढच्या सोप्यात) जुनी फोल्डिंग सायकल गंजत पडलीय. नीट होईल, की भंगारात देऊ?’ गोव्यात हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो, कारण अनेक घरांत कुणीतरी परदेशातून आणलेली अशी एक सायकल असतेच. माझं उत्तर रंगावर किंवा गंजलेल्या रिमवर ठरत नाही. मधली बिजागरी आणि तिच्या दोन्ही बाजूंचे जोड शाबूत असतील तर सायकल नक्की उभी राहते. बाकीचं सगळं बदलता येतं.

म्हणून आधी बिजागरी रॉकेल आणि ब्रशने धुवा, कोरडी करा आणि टॉर्च तिरपा धरून जोडाची कड न्याहाळा. केसाएवढी तपकिरी रेघ दिसली आणि पुसल्यावर काही दिवसांत त्याच जागी पुन्हा उमटली, तर ती चीर समजा. तशा सायकलवर बसायचं नाही. साध्या आर्क वेल्डिंगने पातळ नळी जळते आणि वेल्डच्या शेजारी पुन्हा तुटते. गॅसवर पितळेचा जोड देणारा जाणता कारागीर मिळाला तरच दुरुस्तीचा विचार करा. चीर नसेल तर बिजागरी बंद करणारा खटका आवळा, पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे ढकला. बिजागरीत खटखट लागली तर पिन झिजलीय. ती लेथवर मापाने करून मिळते.

आपल्याकडे गंज आतून जास्त खातो. खारी हवा आणि पावसाचं पाणी सीटच्या नळीतून उतरतं आणि पेडलांच्या मधल्या बीबी शेलमध्ये (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलांचा एक्सल जिच्यात फिरतो त्या आडव्या नळीत) साचतं. सीटची दांडी काढून सायकल उलटी करा. लाल भुकटी पडली तर हरकत नाही. पापुद्रे पडले आणि शेलच्या तळाला स्क्रू-ड्रायव्हरचं टोक रुतलं, तर तिथेच थांबा. दांडी अडकली असेल तर गंज सोडवणारं तेल सोडून दोनतीन दिवस ठेवा आणि मग सीट धरून पिळा. हातोडा मारू नका.

सायकल राले या इंग्लिश कंपनीची ट्वेंटी असेल तर काही गोष्टी आधी माहीत हव्यात. १९६८ मध्ये नॉटिंगहॅमला सुरू झालेलं हे मॉडेल, घडीचं रूप त्याला नंतर मिळालं. तिच्या बीबीचे आटे इंचाला २६, तर बाजारातल्या नेहमीच्या कपांचे (छर्रे बसतात त्या वाट्यांचे) २४. त्यामुळे जुने कप जपून काढा, छर्रे तेवढे नवे घाला. एका बाजूला पाव इंची ११ लागतात. हँडलच्या वरच्या बाजूला बेअरिंगऐवजी प्लॅस्टिकचा बुश असतो, तिथे ब्लो लॅम्प (ज्योतीने तापवायचा दिवा) नेलात तर तो वितळणार.

टायर घेताना फक्त ‘२० इंची’ म्हणू नका. जुन्या टायरच्या कडेला मिलिमीटरचा आकडा बघा. ४५१ आणि ४०६ ही दोन वेगळी मापं, एकमेकांच्या रिमवर बसत नाहीत. ४५१ च्या जागी ४०६ चं रिम घालायचं ठरवलंत तर ब्रेकचे ब्लॉक साडेबावीस मिलिमीटर खाली यायला हवेत, म्हणजे लांब हातांचे ब्रेक आले. तरीही पावसात चालवणार असाल तर अ‍ॅल्युमिनियमचं रिम घ्याच. क्रोमचं रिम ओलं झालं की ब्रेक जवळजवळ धरतच नाही.

मागच्या चाकाचा हब (मधला तुंबा) बहुधा स्टर्मी-आर्चर कंपनीचा, आत तीन गिअर असलेला ‘एडब्ल्यू’ असतो. तो उघडायची घाई करू नका. पेडल रिकामं फिरत असेल तर बहुतेक वेळा आतलं तेल सुकून खटके चिकटलेले असतात. तेलाच्या भोकातून दोन चमचे रॉकेल सोडा, चाक फिरवा, रात्रभर आडवं ठेवून निथळू द्या, मग चमचाभर पातळ इंजिन ऑइल घाला. खोबरेल तेल नको, ते आत घट्ट होतं. गिअरची तार लावताना दुसऱ्या गिअरवर ठेवा आणि उजव्या नटच्या खिडकीतून बघा: गिअरच्या बारीक साखळीला जोडलेल्या सळईचं टोक एक्सलच्या टोकाशी सपाट असायला हवं. हे चुकलं तर दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये पेडल अचानक मोकळं सुटतं. चढावर उभं राहून मारणारा माणूस यातच पडतो.

तारांची म्यान नवीच घ्या, पण कापण्याआधी सायकल पूर्ण दुमडून आणि हँडल दोन्हीकडे वळवून लांबी ठरवा. उघडलेल्या सायकलवर मापलेली तार घडी घालताना ताणली जाते.

रंगाचं काम पावसाळ्यात काढू नका. दमट हवेत रंगाखाली ओल अडकते आणि फोड येतात. मूळ रंग निम्मा जरी शिल्लक असेल तर मी तो ठेवाच म्हणेन. मेण लावून तो जपता येतो, कारखान्याचे स्टिकरही वाचतात. चोडण किंवा दिवाडीच्या फेरीबोटीवरून सायकल नेत असाल तर धक्क्यावरचं खारं पाणी चाकांना लागतं. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन लगेच कोरडी करा.

क्रँक (पेडलाची दांडी) एक्सलवर घट्ट धरणारी कॉटर पिन काढताना क्रँकखाली लोखंडी पाइपचा टेकू द्या, नट पिनच्या टोकाशी सपाट येईपर्यंतच सैल करा आणि एकच जोरदार ठोका घाला. दहा हलके ठोके टोक फुलवतात, मग ड्रिलशिवाय सुटका नाही. नवी पिन जुनी मोजूनच घ्या. इंग्लिश सायकलींना साडेनऊ मिलिमीटरची लागते, युरोपातल्या बऱ्याच सायकलींना नऊची. दोन्ही पिना एकमेकींच्या उलट दिशेने बसवा, नाहीतर क्रँक एका रेषेत येत नाहीत. पहिल्या फेरीनंतर नट पुन्हा आवळा, आठवड्याने आणखी एकदा. पेडलाला कटकट येत असताना तशीच चालवत राहिलात तर क्रँकचं भोक झिजतं, आणि मग नवी पिनही त्यात धरत नाही.